क्षीण हाक कशी ऐकावी?

१९२८ सालच्या मे महिन्यात ‘इतालिया’ नावाची वायुनौका उत्तर ध्रुवावर जाऊन परत येत होती. २५ मे रोजी स्पिट्सबर्गेन बेटांच्या ईशान्येस ती एकाएकी खाली येऊ लागली आणि गोठलेल्या समुद्रावर आदळली. आघातासरशी तिची खालची खोली फुटली व दहा माणसे बर्फावर फेकली गेली. ओझे कमी झाल्यामुळे वायुनौकेचा उरलेला भाग सहा माणसांसह पुन्हा वर उचलला गेला आणि वाऱ्याबरोबर दूर जाऊन दिसेनासा झाला. त्या सहा जणांचा पुढे कधीच पत्ता लागला नाही. बर्फावरील दहांपैकी एकाने तेथेच प्राण सोडला. मोहिमेचे प्रमुख उंबेर्तो नोबिले यांचा हात व पाय मोडला होता. चहूकडे तरंगणारे बर्फ, आणि जवळ एक लहानसा तंबू, थोडेसे अन्न व आघातातून बचावलेला एक छोटा बिनतारी प्रक्षेपक, एवढीच काय ती सामग्री!

मोहिमेचा बिनतारी यंत्रचालक जुझेप्पे ब्याजी याने मोडक्या सामानातून एक खांब उभा केला, त्यावर तार ताणली आणि संकटाचा संदेश पाठविण्यास आरंभ केला. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे. दिवसामागून दिवस तो ही खूण पाठवीत राहिला. मोहिमेच्या मदतीसाठी आलेले ‘चित्ता दि मिलानो’ हे जहाज काही फारसे दूर नव्हते. परंतु त्या जहाजाकडून उत्तर येईना. जहाजावरील यंत्र इतर निरोपांच्या देवघेवीत गुंतलेले असे. शिवाय लघुलहरींचा स्वभावच असा की, त्या कित्येकदा जवळच्या प्रदेशावरून उडून जातात आणि वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून फार दूर खाली उतरतात.

त्या दूर उतरल्याही. ३ जून रोजी रशियातील वोझ्नेसेन्ये-वोख्मा नावाच्या एका आडगावी निकोलाय श्मिट हा तरुण आपल्या हाताने बांधलेल्या साध्या संचासमोर बसून ऐकत होता. अपघाताची जागा तेथून सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर होती. खरखरीच्या आड त्याला काही तुटक अक्षरे ऐकू आली. सगळी लागली नाहीत. परंतु संकटाची खूण लागली आणि नोबिले हे नावही लागले. त्याने मॉस्कोला तार केली. ‘इतालिया’वरील माणसे जिवंत आहेत, ही वार्ता जगाला प्रथम अशा रीतीने कळली. शोधकार्याला दिशा मिळाली. जूनच्या अखेरीस एका स्वीडिश वैमानिकाने नोबिले यांना विमानातून बाहेर काढले आणि १२ जुलै रोजी ‘क्रासिन’ हे रशियन बर्फफोडे जहाज तंबूपाशी पोहोचले.

श्मिट हा काही सरकारी यंत्रचालक नव्हता. तो हौशी होता. बिनतारी संदेशवहनाचा छंद केवळ आवडीने जोपासणाऱ्या अशा लोकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. भारतातही असे पुष्कळ हौशी आहेत. संदेश पाठविण्यासाठी त्यांना परीक्षा देऊन सरकारचा परवाना घ्यावा लागतो. बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगीही ही परीक्षा देऊ शकते. २००४ सालच्या डिसेंबरात भारती प्रसाद या हौशी यंत्रचालक काही सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे गेल्या होत्या. २६ डिसेंबरला भूकंप झाला, समुद्राची प्रचंड लाट आली आणि दूरध्वनी बंद पडले. तेव्हा बेटांवरील माणसांची खबर मुख्य भूमीवर पोहोचविण्याचे काम त्यांच्या केंद्राने केले. अशा प्रसंगी बोलणारा जितका महत्त्वाचा, तितकाच किंबहुना थोडा अधिक महत्त्वाचा असतो तो ऐकणारा. हाक मारणारा संकटात असतो. त्याच्याजवळ शक्ती थोडी, वीज थोडी. ती हाक अधिक मोठी करणे त्याच्या हाती नसते. ती स्पष्ट ऐकणे मात्र दुसऱ्या टोकाला बसलेल्याच्या हाती असते.

ते कसे? ‘त्यात काय अवघड आहे? आवाजाची खुंटी पूर्ण पिळावी, म्हणजे दूरचे ऐकू येते,’ असे पुष्कळांना वाटते. हा समज चुकीचा आहे. तो चुकीचा का, हे समजून घेण्यासाठी प्रथम ती हाक किती लहान असते हे पाहिले पाहिजे.

घरातील विजेच्या घड्याळात किंवा बॅटरीत जो बोटाएवढा घट असतो, त्याचा दाब दीड व्होल्ट असतो. एका व्होल्टचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतील एका भागाला मायक्रोव्होल्ट म्हणतात. दूरच्या प्रक्षेपकाची लहर घराच्या छपरावर ताणलेल्या तारेवर, म्हणजे एरियलवर, येऊन पोहोचते, तेव्हा ती असा काही थोडे मायक्रोव्होल्ट दाब निर्माण करते. हौशी लोक लहरीचा जोर एक ते नऊ या अंकांनी सांगतात. नऊ म्हणजे पन्नास मायक्रोव्होल्ट, आणि त्याखालील प्रत्येक अंक आधीच्या निम्मा. या हिशेबाने दोन अंकाची लहर अर्ध्या मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान भरते. एवढ्याशा दाबाने हेडफोनचा पडदा हलणे शक्यच नाही. म्हणून संचामध्ये वर्धक असतात. ते या दाबाला शेकडो, हजारो, लाखो पटींनी मोठा करतात. किती पटींनी मोठा करावयाचा, हे ज्या खुंटीने ठरते ती ‘गेन’ची खुंटी.

येथवर सारे सोपे आहे. अडचण पुढे आहे. एरियलवर ती एकटी लहर येत नाही. वळवाच्या पावसात एखाद्या दूरच्या गावावर वीज चमकली, की तिची कडकड शेकडो कोसांवरील संचातही उमटते. शेजारच्या घरातील पंख्याचे बटण, रस्त्यावरील विजेच्या तारा, पिठाच्या गिरणीची मोटार, या साऱ्यांच्या ठिणग्या तारेवर येऊन आदळतात. फार काय, आकाशातूनही खरखर येते. १९३० नंतरच्या वर्षांत कार्ल जान्स्की हा अमेरिकन अभियंता लघुलहरींवरील खरखरीची कारणे शोधीत होता. त्याला असे आढळले की, एक मंद सळसळ रोज थोडी थोडी आधी येते. तिची वेळ सूर्याबरोबर नव्हे, तर ताऱ्यांबरोबर चालते. ती आकाशगंगेकडून येत होती! तारे ऐकण्याच्या नव्या शास्त्राचा उगम या खरखरीत झाला. याशिवाय संचाच्या आतील भागही स्वतःची थोडी सळसळ त्यात मिसळतात, ती वेगळीच.

वर्धकाला यांतील काहीच ओळखता येत नाही. हवी ती लहर कोणती आणि नको ती खरखर कोणती, हे तो जाणत नाही. जे आत येईल ते सारे तो मोठे करतो. जुन्या पोथीचे पान डागाळलेले असावे, अक्षर पुसट झालेले असावे, आणि त्यावर भिंग धरावे, तसा हा प्रकार आहे. भिंगातून अक्षर मोठे दिसते. पण डागही तितकाच मोठा दिसतो. भिंग आणखी मोठे घेतले तर डाग आणखी मोठा. वाचायला मदत होते ती अक्षर व डाग यांच्यातील फरकाने. आणि तो फरक भिंगाने एका केसाइतकाही वाढत नाही. बिनतारीच्या भाषेत सांगावयाचे, तर लहर खरखरीच्या किती पट आहे यावर सारे अवलंबून असते. लहर व खरखर दोन्ही शंभर पट केल्या, तरी त्यांचे प्रमाण होते तेच राहते. कानाला मात्र त्रास होतो.

तरीही खुंटी नीट लावणाऱ्याला जे ऐकू येते, ते न लावणाऱ्याला येत नाही, हे खरे आहे. याचे कारण असे की, वर्धन फार थोडे ठेवले तर लहर ऐकूच येत नाही, आणि फार ठेवले तर संच स्वतःच बिघाड करू लागतो व ते प्रमाणही नासते. या दोहोंच्या मधली जागा अरुंद असते. ती शोधणे हेच ऐकणाऱ्याचे काम.

श्मिटच्या काळच्या हौशी लोकांच्या साध्या संचांत ही जागा फारच अरुंद असे. त्या वेळी वर्धनासाठी काचेच्या निर्वात नळ्या वापरीत, आणि त्या महाग पडत. पुष्कळांच्या संचात एक किंवा दोनच नळ्या असत. एका नळीकडून पुष्कळ काम करून घेण्याची युक्ती एडविन आर्मस्ट्राँग याने १९१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना शोधून काढली होती. नळीतून मोठी होऊन बाहेर पडलेली लहर थोडीशी पुन्हा तिच्या तोंडाशी आणून द्यावयाची, म्हणजे ती पुन्हा मोठी होते. आणि असे फिरून फिरून होत राहते. झोक्यावर बसलेल्या मुलाला प्रत्येक हेलकाव्याला नेमक्या वेळी हलकासा धक्का दिला, की झोका चढत जातो, तसेच हे. किती भाग परत द्यावयाचा हे ठरविणारी एक खुंटी संचावर असे. ती थोडी पिळली तर आवाज वाढे. आणखी पिळली तर आणखी वाढे. परंतु एका ठिकाणी येताच संच एकदम शीळ घालू लागे! झोक्याला बाहेरच्या धक्क्याची गरजच उरत नसे. नळी स्वतःच लहरी निर्माण करू लागे आणि त्या एरियलमधून बाहेर पडून शेजाऱ्यांच्या संचांतही शिट्ट्या वाजवीत. (त्या काळी यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणे होत, यात नवल नाही.) संचाची ऐकण्याची शक्ती सर्वांत अधिक असे ती नेमकी या काठावर. भाषण ऐकताना काठाच्या किंचित अलीकडे आणि टिंबे-रेघा ऐकताना किंचित पलीकडे, अशी ती खुंटी बोटांच्या टोकांनी धरून ठेवावी लागे. शरीर हलले, तार वाऱ्याने झुलली, तरी काठ सरकत असे. अशा संचांवर ज्यांचा कान तयार झाला, त्यांना गेन म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

पुढे याच आर्मस्ट्राँगने १९१८ च्या सुमारास, पहिल्या महायुद्धात पॅरिस येथे असताना, संचाची निराळी रचना विकसित केली. बहुतेक रेडिओ पुढे त्याच धर्तीवर बांधले गेले. तिच्यात काम वाटून दिलेले असते. एरियलजवळचा पहिला वर्धक आलेल्या लहरीला थोडी मोठी करतो. नंतरचा भाग तिची वारंवारता बदलून ती एका ठरावीक वारंवारतेवर आणतो. त्यापुढचे वर्धक, या एकाच वारंवारतेसाठी बांधलेले असल्यामुळे, तिला नेटकेपणाने पुष्कळ मोठी करतात आणि आजूबाजूच्या लहरींना बाहेर ठेवतात. मग लहरीवर स्वार होऊन आलेला आवाज वेगळा काढला जातो. शेवटचा वर्धक त्या आवाजाला ध्वनिक्षेपक हलविण्याइतके बळ देतो.

हौशी लोकांच्या संचावर म्हणून गेनच्या दोन खुंट्या असतात, आणि नवख्याचा गोंधळ येथेच होतो. एक खुंटी आवाजाची. तिला ए. एफ. गेन म्हणतात. ती शेवटच्या वर्धकावर चालते; घरच्या रेडिओवरील खुंटी ती हीच. दुसरी खुंटी आर. एफ. गेनची. ती आवाज वेगळा होण्यापूर्वीच्या वर्धकांना आवरते. दोन्ही पिळल्या तरी कानाला आवाज वाढल्यासारखाच वाटतो, म्हणून पुष्कळजण दुसरी खुंटी एकदा पूर्ण उजवीकडे नेऊन तिला विसरून जातात. पण दोन्हींचे काम निराळे आहे. विहिरीचे पाणी पाटात किती सोडावयाचे हे एका दारावर ठरते, आणि पाटातले पाणी कोणत्या वाफ्याला किती द्यावयाचे हे दुसऱ्यावर. पाटच फुटला असेल, तर वाफ्याचे दार कमी-अधिक करून काय उपयोग?

पाट फुटणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भारतातील हौशींच्या आवडीचा एक पट्टा ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झ असा आहे. त्याच्या लगतच, ७,२०० च्या वर, निरनिराळ्या देशांच्या नभोवाणी केंद्रांच्या जागा आहेत. ही केंद्रे अतिशय बलवान असतात. हौशीचा प्रक्षेपक पन्नास-शंभर वॉटचा असेल, तर त्यांचे शेकडो किलोवॉटचे. समजा, संध्याकाळी ७,२५० वर एक आणि ७,४०० वर दुसरे अशी दोन बलवान केंद्रे चालू आहेत, आणि पहिला वर्धक पूर्ण उघडा आहे. त्याला एवढ्या मोठ्या लहरी पेलवत नाहीत. शिगोशिग भरलेल्या मापात आणखी धान्य ओतले, तर ते सांडते. तसे लहरींचे शेंडे कापले जातात आणि कापलेल्या दोन लहरी एकमेकींत मिसळून तिसरीच लहर निर्माण करतात. ७,२५० ची दुप्पट १४,५००. त्यातून ७,४०० वजा केले की उरले ७,१००. म्हणजे हौशींच्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर एक असे केंद्र ऐकू येऊ लागते, जे जगात कोठेही नाही! ते भुताचे केंद्र संचाच्या पोटात जन्माला आलेले असते. आणि त्याच ७,१०० वर कोणी दूरचा हौशी हाका मारीत असेल, तर त्या भुताच्या गलक्यात त्याची हाक बुडून जाते. ऐकणारा आवाजाची खुंटी वाढवितो, भूत आणखी मोठे होते.

यावर उपाय आहे, आणि तो ऐकणाराला प्रथम उलटा वाटतो. बहुतेक चांगल्या संचांवर अटेन्युएटर नावाचे एक बटण असते. ते दाबले की एरियलवरून येणारे सारे काही वर्धकात शिरण्यापूर्वीच लहान केले जाते. समजा, त्याने प्रत्येक लहरीची शक्ती दहाव्या हिश्शावर आणली. खऱ्या केंद्राचा आवाज त्या मानाने उतरतो. पण भुताची शक्ती मात्र हजाराव्या हिश्शावर येते. कारण ते दोन लहरींच्या, त्यातही एकीच्या दुहेरी, मिश्रणातून जन्मते आणि दहाचा भाग तेथे तीनदा जातो. म्हणून संशय आला की अटेन्युएटर दाबून पाहावे. आवाज थोडा उतरला तर केंद्र खरे. एकदम नाहीसा झाला तर ते भूत. बाजारात खणखणीत नाणे वाजवून पाहतात, तशीच ही परीक्षा आहे. अटेन्युएटर नसेल तर निदान आर. एफ. गेनची खुंटी मागे घ्यावी. मात्र काही संचांत ती पहिल्या वर्धकापर्यंत पोहोचत नाही, पुढच्याच वर्धकांना आवरते. अशा वेळी तिच्याने भूत जात नाही.

आता तिसऱ्या एका गोष्टीकडे वळले पाहिजे. दूरच्या लहरी सारख्या कमी-जास्त होत असतात. शिवाय पट्ट्यावरून खुंटी फिरवीत जाताना मध्येच एखादे बलवान केंद्र आले, तर कानठळ्या बसतील. दर वेळी हाताने खुंटी मागेपुढे करणे शक्य नसते. म्हणून १९२५ मध्ये हॅरोल्ड व्हीलर या अमेरिकन अभियंत्याने अशी योजना केली की, संचानेच लहरीचा जोर पाहून आपले वर्धन आवरावे. लहर मोठी आली की वर्धन कमी. लहान आली की जास्त. हिला हौशी लोक ए. जी. सी. म्हणतात. डोळ्याच्या बाहुलीशी तिची तुलना करता येईल. उन्हात बाहुली लहान होते, अंधारात मोठी. रणरणत्या उन्हातून माजघरात शिरणाऱ्याला क्षणभर काहीच दिसत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. ए. जी. सी. चेही तसेच होते. जवळचा एखादा जोराचा हौशी बोलून थांबला आणि लगेच दूरच्या क्षीण केंद्राने उत्तर दिले, तर त्या उत्तराची पहिली अक्षरे संच गिळून टाकतो; कारण त्याची बाहुली अजून लहानच असते. उलट, कोणीच बोलत नसले की ती पूर्ण विस्फारते आणि खरखर गर्जना करीत वर येते. अशी खरखर तासभर ऐकली की डोके दुखू लागते, कान थकतात, आणि थकलेल्या कानाला पुढची क्षीण हाक खरखरीसारखीच वाटते.

ए. जी. सी. मंद आणि जलद अशी दोन प्रकारची ठेवता येते. काही संचांत ती बंदही करता येते. भाषणासाठी मंद बरी, टिंबे-रेघांसाठी जलद. मुरलेले हौशी क्षीण टिंबे-रेघा ऐकताना ती सरळ बंद करतात, आवाजाची खुंटी वर ठेवतात आणि सारा कारभार आर. एफ. गेनने चालवितात. ही रीत उत्तम आहे, पण तिच्यात धोका आहे. आवरणारे कोणी नसल्यामुळे एकदम वीज कडाडली किंवा शेजारचा हौशी बोलू लागला, तर तो आवाज हेडफोनमधून थेट कानावर आदळतो. कानाला इजा होऊ शकते. म्हणून नवख्याने ए. जी. सी. चालूच ठेवावी, हे अधिक शहाणपणाचे.

संचावर लहरीचा जोर दाखविणारा एक काटाही असतो. त्याच्याविषयी एक गमतीची गोष्ट आहे. आर. एफ. गेन मागे घेऊ लागले, की बहुतेक संचांत हा काटा खाली येण्याऐवजी वर चढतो. नवख्याला वाटते, काटा बिघडला. वस्तुतः तो काटा लहर मोजतच नसतो. वर्धन किती आवरले आहे, हे तो मोजतो. बलवान लहर आल्यावर ए. जी. सी. वर्धन आवरते, म्हणून काटा चढतो. हाताने आवरले तरीही तो चढणारच. या खोडीचा उपयोग करून घेता येतो, तो असा.

समजा, वैशाखातील एका संध्याकाळी एक मुलगी पहिल्यांदाच ७,१०० च्या आसपास ऐकायला बसली आहे. पश्चिमेकडे ढग दाटले आहेत आणि विजेची कडकड मधूनमधून ऐकू येते. (ढग डोक्यावर आले, तर मात्र सारे सोडून एरियलची तार संचातून काढून घराबाहेर ठेवावी, येथे हयगय नको.) ती आवाजाची खुंटी मध्यावर ठेवते व आर. एफ. गेन पूर्ण उजवीकडे नेते. हेडफोनमध्ये भरभरून खरखर. आता ती एरियलची पिन काढते. खरखर एकदम उतरते. याचा अर्थ, ऐकू येत होती ती खरखर बाहेरची होती, संचाची नव्हे. म्हणजे संचाचे कान पुरेसे तीक्ष्ण आहेत आणि त्याला जादा वर्धक जोडून काही लाभ व्हायचा नाही. पिन काढूनही खरखर तशीच राहिली असती, तर गोष्ट निराळी होती. मग एरियल लांबवावे लागले असते किंवा पुढे एक वर्धक लावावा लागला असता. या लहान परीक्षेवाचून गेनला हात लावणे म्हणजे उंची न मोजता सदरा बेतणे.

पिन पुन्हा बसवून ती हळूहळू पट्टा फिरवू लागते. एका ठिकाणी कोणीतरी बोलत आहे, पण शब्द लागत नाहीत. काटा खरखरीबरोबर चारवर डुलतो आहे आणि बोलण्याबरोबर पाचाच्या जरा पुढे जातो आहे. विजेचा प्रत्येक कडाका आला, की पुढचे दोन शब्द नाहीसे होतात. ती आर. एफ. गेन मागे घेऊ लागते. काटा वर चढतो व पाचाच्या जवळ येऊन स्थिर होतो. खरखर मऊ होत जाते, जणू कोणी दार लोटून घेतले. आणखी थोडे मागे घेते, तोच बोलणेही उतरू लागते. हे फार झाले. ती केसभर पुढे येते. आता बोलणे आपल्या जागी आहे आणि शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागी खरखर उसळून येत नाही. विजेच्या कडाक्यानंतरही संच लगेच भानावर येतो. मग ती आवाजाची खुंटी थोडी वाढवून कानाला बरे वाटेल असा आवाज करते. लहरीचा जोर वाढलेला नाही, खरखरही बाहेर आहे तेवढीच आहे. पण मघाशी ज्या बोलण्यातून एकही शब्द हाती लागत नव्हता, त्यातून आता गावाचे नाव ऐकू येते.

थोड्या वेळाने ते केंद्र क्षीण होते व दुसरेच कोणी बोलू लागते. पुन्हा दोन्ही खुंट्या हलवाव्या लागतात. एकदा लावून ठेवावी अशी जागा नसतेच. पहाटे पट्टा शांत असतो, तेव्हा गेन बराच पुढे चालतो. संध्याकाळी नभोवाणी केंद्रे जागी झाली, की मागे घ्यावा लागतो. थंडीत एक जागा, पावसाळ्यात दुसरी. आजकाल संगणकाच्या मदतीने चालणारे संच आले आहेत. त्यांत खुंटीच्या जागी पडद्यावरील एक रेघ सरकवावी लागते, आणि लहरी पेलेनाशा झाल्या की कित्येक संचांवर एक लाल खूण उजळते. ती खूण उजळली तर गेन कमी करावयाचा आणि पिन काढून परीक्षा करावयाची, हे तेथेही चुकत नाही.

हौशी लोक ऐकलेल्या प्रत्येक केंद्राची नोंद वहीत करतात. तारीख, वेळ, वारंवारता, केंद्राची खूण, आणि त्यापुढे दोन अंक. पहिला अंक बोलणे किती समजले याचा. तो एक ते पाच असतो. दुसरा लहरीच्या जोराचा. तो एक ते नऊ. एखादे केंद्र नऊ जोराने येते आणि गोंगाटामुळे त्याचे निम्मेच समजते. त्याच्यापुढे तीन-नऊ लिहिले जाते. आणि एखादे इतके क्षीण येते की काटा जेमतेम हलतो, पण खुंट्या जागेवर असतात, कान ताजा असतो, आणि शब्दन् शब्द लागतो. त्याच्यापुढे लिहितात: पाच-दोन.